जोंधळे मॅडम आणि त्यांचा भाडेकरू देव

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळा, कुणाच्या तरी सापडलेल्या चाव्या आणि गच्चीवर पापड वाळत घालू नयेत ही जुनी विनंती, एवढाच मजकूर असायचा. एका रविवारी सकाळी त्याच्या शेजारी चार चौकटींचं एक चित्र लागलेलं दिसलं. पहिल्या चौकटीत बनियन-लुंगीतला, गोल चेहऱ्याचा एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन सोसायटीच्या ऑफिसात उभा आहे. सेक्रेटरी विचारतो, ‘नाव?’ तो म्हणतो, ‘देव.’ दुसऱ्या चौकटीत सेक्रेटरी म्हणतो, ‘पुढे?’ तो म्हणतो, ‘पुढे काही नाही. नुसता देव.’ तिसरीत सेक्रेटरीच्या कपाळावर आठ्या. ‘आडनाव नाही? बरं, व्हेज की नॉनव्हेज?’ देव म्हणतो, ‘लोक देतील ते.’ चौथ्या चौकटीत देव पिशवीसकट गेटच्या बाहेर आणि वॉचमन त्याला समजावतोय, ‘फॅमिली घेऊन या, मग बघू.’

खाली सही होती. वि. जोंधळे, बी विंग.

मी लिफ्टची वाट बघत होते. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली, आणि मी तिथेच उभी राहून एकटीच हसत होते.

वि. जोंधळे म्हणजे विमल जोंधळे, माझ्या समोरच्या दाराच्या. भाईंदरच्या इंद्रलोक भागात आम्ही दोघी साधारण एकाच सुमाराला राहायला आलो. मी गिरगावातून, नोकरीतून निवृत्त झाल्यावर. त्या मूळच्या नांदेडकडच्या, पण सगळी नोकरी मुंबईत, सरकारी ऑफिसच्या नकाशे विभागात. त्या ट्रेसर होत्या. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने रेघ न् रेघ गिरवायची, हे त्यांचं काम. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ अशोक भाईंदरमध्येच राहायचा, म्हणून त्यांनी इथे घर घेतलं. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. केसांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. ती त्या ब्लेडने तासायच्या, शार्पनरला हात लावायच्या नाहीत. चित्र काढताना ओठ घट्ट मिटलेले असायचे आणि कुणी बोलायला लागलं की डावा हात वर करायच्या, ट्रॅफिक पोलिसासारखा. रेघ पूर्ण झाली की हात खाली, मग बोला.

घर बघत होत्या तेव्हाची एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. एजंटने गोड आवाजात विचारलं होतं, “मॅडम, जोंधळे म्हणजे नक्की कोण?” त्या म्हणाल्या, “जोंधळे म्हणजे ज्वारी. तुमच्याकडे भाकरी होत नाही का?” एजंट ओशाळला, पण ते घर काही मिळालं नाही. त्याच्या पुढचं मिळालं नाही, त्याच्याही पुढचं. हे सांगताना त्यांचा चेहरा हसरा असायचा, आवाज तसा नसायचा.

बोर्डावरच्या चित्रातल्या सेक्रेटरीला पारेखभाईंसारखा चष्मा होता आणि पारेखभाईंसारखाच शर्टाच्या खिशात दोन पेनं. आमचे सेक्रेटरी पारेखभाई मनाने वाईट नाहीत, पण शिस्तीचे फार. त्यांनी चित्र काढून टाकलं. पुढच्या रविवारी दुसरं लागलं. त्यांनी बोर्डाला काच बसवून कुलूप घातलं. मॅडमनी चित्राचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पारेखभाईंनी ग्रुप असा करून ठेवला की फक्त तेच बोलू शकतील. मग मॅडमनी चित्र स्वतःच्या दारावर, बाहेरच्या बाजूने चिकटवलं.

पारेखभाई धापा टाकत वर आले. “मॅडम, ये क्या लगाया आपने?”

“बोर्ड तुमचा, पारेखभाई. दार माझं.”

“लेकिन लोग देखते हैं ना!”

“म्हणून तर बाहेरून लावलंय.”

तेव्हापासून आमच्या मजल्यावर दर रविवारी वर्दळ सुरू झाली. दूधवाला, कुरिअरवाले, सी विंगमधल्या बायका, सगळे नवीन चित्र बघायला यायचे. भाडेकरू देव आता हळूहळू सगळीकडे हिंडायला लागला होता. एका चित्रात तो टाकीशेजारच्या लाउडस्पीकरखाली उभा राहून म्हणतोय, ‘मला ऐकू येतं हो, जरा बारीक करा.’ आणि लावणारा म्हणतो, ‘तुमच्यासाठी नाही लावलेला, समोरच्या बिल्डिंगसाठी लावलाय.’ हे चित्र कुणीतरी फोनवरून पुढे पाठवलं आणि ते मीरा रोडपासून उत्तनपर्यंत फिरून आमच्याकडे परत आलं, तेही ‘तुम्ही पाहिलं का?’ म्हणून.

त्या देवाबद्दल एक नियम होता. त्याला मुकुट नाही, दाढी नाही, कपाळावर काही नाही, हातात शस्त्र नाही. कुठल्याच धर्माची खूण त्या त्याच्या अंगावर ठेवत नसत. आणि तो कधी चिडत नसे. चिडायचे ते सगळे त्याच्या आजूबाजूचे. मी एकदा विचारलं, “तुम्ही बौद्ध. तुम्ही देव मानतच नाही. मग त्याला कशाला काढता?”

“मानत नाही म्हणून तर हात थरथरत नाही, मीनाताई.” मग थोडा वेळ पेन्सिल तासत राहिल्या. “लहानपणी गावातल्या देवळासमोरून जाताना मी एकदा थांबले होते. आत काय आहे बघावं म्हणून. पायरी चढायची नाही हे माहीत होतं, म्हणून रस्त्यावरूनच टाचा उंचावल्या. देव दिसलाच नाही. पुजाऱ्याची पाठ दिसली, आणि तिच्यापुढे आणखी पाठी. आईने दंडाला धरून ओढत नेलं. देवाशी माझं भांडण नाही हो. आमची कुणी ओळखच होऊ दिली नाही. मी काढते त्या पाठी.”

पहिला मोठा राडा झाला तो उत्सवाच्या दिवसांत. चित्रात देव स्वतःच्याच मंडपाबाहेर रांगेत उभा आहे. स्वयंसेवक विचारतो, ‘पास आहे का?’ देव म्हणतो, ‘अहो, मीच तो.’ स्वयंसेवक म्हणतो, ‘सगळे तेच सांगतात. रांगेत या.’ आमच्या भागातल्या मंडळाचे अध्यक्ष सावंत, धडधाकट माणूस, पाच-सहा जणांना घेऊन वर आले. एकाच्या हातात फोन तयारच होता.

“मॅडम, जास्त काही नाही,” सावंत म्हणाले. “कॅमेऱ्यासमोर हात जोडा, माफी मागा, विषय संपला. आम्ही व्हिडिओ ग्रुपवर टाकून देतो.”

“हात मी सगळ्यांनाच जोडते. माफी कशाबद्दल मागू?”

“भावना दुखावल्यात लोकांच्या.”

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. हा प्रश्न त्या चिडून आलेल्या प्रत्येकाला विचारायच्या. “खरं सांगा, पहिल्यांदा बघितलंत तेव्हा हसलात ना?”

सावंत शर्टाची बाही सारखी करू लागले. फोनवाला मात्र फसकन हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक करू लागला. माफीचा व्हिडिओ काही झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनमधून बोलावणं आलं. मी सोबत गेले.

तिथे सावंत बसले होतेच, पण आणखी एक मंडळी आली होती. जवळच कुठल्याशा बापूंचं सत्संग मंडळ होतं, त्यातले एक गृहस्थ आणि तीन बायका. त्यांचीही तक्रार त्याच चित्राबद्दल. बापू सुटलेल्या पोटाचे होते आणि प्रवचनाला पांढरी बंडी घालून बसत. त्यामुळे त्यांची खात्री होती की बनियनमधला तो माणूस म्हणजे बापूच.

इन्स्पेक्टर साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन चित्र पाहिलं. “सावंत, तुमचं म्हणणं काय?”

“साहेब, आमच्या देवाची विटंबना केलीय.”

“आणि तुमचं?”

“आमच्या बापूंची बदनामी आहे साहेब,” सत्संगवाले म्हणाले.

“थांबा. माणूस तर चित्रात एकच आहे. हा देव आहे की बापू?”

सत्संगवाले छाती काढून म्हणाले, “बापूच देव आहेत.”

सावंतांची खुर्ची करकरली. “काय बोललात? तुमचा बापू देव कधी झाला?”

“तुम्ही तोंड सांभाळून बोला!”

“मी सांभाळू? बंडीवाला माणूस देव?”

बघता बघता दोघंही उभे राहिले. हवालदार मधे पडला. जोंधळे मॅडम मांडीवर पर्स ठेवून शांत बसल्या होत्या. त्यांनी डावा हात वर केला, रेघ ओढताना करायच्या तसा, आणि म्हणाल्या, “साहेब, यांचं ठरेपर्यंत मी बाहेर बसू का?”

साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली आणला नाही. दोन्ही मंडळींना त्यांनी पाठवून दिलं. मग मात्र त्यांचा सूर बदलला.

“मॅडम, आज हसण्यावारी गेलं. उद्या मोठा जमाव आला तर? तुमच्या वयाच्या बाईने कशाला हे धंदे करायचे? बंद करा.”

“साहेब, ते चिडले की तुम्ही मला गप्प बसवता. मी चिडले तर कुणाला गप्प बसवाल?”

साहेबांनी टेबलाचा खण उघडला. कागद पुढे सरकवला. “पुन्हा काढणार नाही, एवढं लिहून द्या. माझ्यावर उपकार होतील.”

“देते ना लिहून.” त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. “पुन्हा काढणार आहे, असं लिहून देते. खाली सही करते. चालेल?”

साहेबांनी कागद परत ओढून घेतला.

हे सगळं होईपर्यंत मॅडमचं त्यांच्या लोकांत फार कौतुक चाललं होतं. अशोक त्यांच्यापेक्षा बराच लहान, नवघरकडच्या विहाराच्या कमिटीवर होता. तो बहिणीची चित्रं अभिमानाने सगळ्यांना दाखवायचा. आणि इकडे सावंतांपासून पारेखभाईंपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद होतं, “हिंमत असेल तर स्वतःच्या लोकांवर काढून दाखवा.”

मला वाटलं होतं, हे त्या हसून सोडून देतील. त्यांनी काढून दाखवलं.

चित्रात भाडेकरू देव विहाराच्या दारात येतो. दारातला कार्यकर्ता म्हणतो, ‘आम्ही देव मानत नाही.’ देव म्हणतो, ‘बरं झालं, मग इथे निवांत बसता येईल.’ तिसऱ्या चौकटीत त्याच्या गळ्यात हार, अंगावर शाल, शेजारी माणसाहून उंच डीजेच्या भिंती, आणि स्टेजवर खुर्चीसाठी दोन गटांची ओढाताण. चौथीत शिल्पकार मातीने माखलेल्या हातांनी त्याचं माप घेतोय आणि कार्यकर्ता सांगतोय, ‘हलू नका, समोरच्या गटापेक्षा पुतळा एक फूट उंच करायचाय.’

चित्र दारावर लागलं त्या संध्याकाळी अशोक आला. मी तिथेच होते, निघायला लागले तर मॅडमनी हाताने बसवलं.

“अक्का, लोकांवर काढत होतीस तेव्हा आम्ही छाती फुगवून दाखवत होतो. आपल्यावर कशाला? आपल्याला हाणायला बाहेरचे कमी पडले का?”

“कमी नाही पडले.”

“मग? हे चित्र आता कोण पुढे पाठवतंय माहितेय? जे आपल्याला कधी घरात घेत नाहीत ते. हसतायत ते. तुझ्या रेघेवर हसतायत.”

हे मॅडमना लागलं. मला दिसलं ते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “हसू देत. पण अशोक, मी फक्त दुसऱ्यांवरच काढलं तर मी चित्रं काढणारी राहत नाही रे, आपल्या बाजूची वकील होते. वकिली मला करायची नाही. आणि सांग, चित्रातलं खोटं काय आहे? डीजे खोटा आहे? खुर्चीची ओढाताण खोटी आहे?”

अशोकने उठून दारावरचं चित्र पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाला, “पल्लवीच्या लग्नाला कमिटीची सगळी माणसं असणारेत. तर तू...”

“पुरं बोल.”

“नको येऊस.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या.

पल्लवी म्हणजे अशोकची मुलगी, त्यांची लाडकी भाची. तिच्या हातात पहिली पेन्सिल त्यांनीच दिली होती. अशोक गेल्यावर त्यांनी आम्हा दोघींना चहा केला आणि साखर घालायला विसरल्या. आम्ही तो तसाच प्यायलो.

लग्नाच्या दिवशी त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी पांढरी साडी नेसून माझ्या दारात उभ्या. “मीनाताई, येता का? विहारात जायचंय.”

“आज?” मी विचारलं. “लोक बोलतील.”

“म्हणून तर आज.”

विहार छोटासाच होता, सतरंज्या अंथरलेला. मॅडम नेहमी पुढच्या ओळीत, खांबाला लागून बसायच्या. तिथेच जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारच्या दोन बायका उठून मागे गेल्या. मग आणखी एक उठली. थोड्या वेळात त्यांच्याभोवती सतरंजीचा चांगला मोठा तुकडा मोकळा झाला. मी मागे भिंतीला टेकून बघत होते. वंदना सुरू झाली. सुरुवात करणाऱ्याचा आवाज बेताचाच होता. मॅडमनी आपला आवाज लावला. तो खणखणीत आवाज सगळ्यांच्या वर चढला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. बाकीच्यांना वंदना म्हणायची तर त्यांच्याच पट्टीत म्हणावी लागत होती. अशोक कमिटीच्या लोकांत मान खाली घालून उभा होता.

बाहेर आल्यावर चपला घालताना एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “बाई, इथे यायचं आणि इथल्यांवरच हसायचं?”

“माझ्या घरातल्यांवर मी हसणार नाही तर कोण हसणार?” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी येतेच आहे मी. सतरंज्या जरा धुवून ठेवा.”

आणि गेल्या. दर रविवारी गेल्या. काही महिन्यांनी एक म्हातारी बाई त्यांच्या शेजारी येऊन बसली, गुडघे दुखतात आणि खांबाला टेकायला मिळतं म्हणून. मॅडमनी तेवढ्यावर समाधान मानलं.

शाईचा प्रकार झाला तो भर संध्याकाळी, मार्केटच्या रस्त्यावर. मॅडम भाजी घेऊन परत येत होत्या. मोटरसायकलवर दोघं आले, मागच्याने बाटली तोंडावर रिकामी केली, काहीतरी घोषणा दिली आणि गेले. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. कपाळापासून गळ्यापर्यंत डावी बाजू काळी झाली. लोक थबकले, कुणी रुमाल पुढे केला. त्यांनी घेतला नाही. कोथिंबीर राहिली होती, ती घ्यायला तशाच पुढे गेल्या.

भाजीवाली घाबरली. “मौसी, मुँह पे...”

“मालूम है. कोथमीर ताजा है ना?”

हे त्या भाजीवालीनेच मला नंतर सांगितलं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मी खाली लॉबीत होते, पारेखभाई बोर्डाची काच पुसत होते. मॅडम गेटमधून आत आल्या, ताठ, हातात पिशवी, कोथिंबिरीची जुडी वर आलेली, आणि अर्धा चेहरा काळा.

पारेखभाईंच्या हातातलं फडकं पडलं. “अरे बेन! कौन किया ये? पानी लाओ, पानी!”

“पाणी नको,” मॅडम म्हणाल्या. “आधी फोटो काढा. नीट, उजेडात.”

पारेखभाईंचे पहिले फोटो हललेच. मॅडमनी गालावर बोट फिरवलं, ते अंगठ्याशी चोळलं आणि बघितलं. “पातळ आहे. पाणी फार घातलंय. आमच्या ऑफिसात असली शाई परत पाठवली असती.”

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

पोलीस स्टेशनमध्ये त्या तशाच गेल्या. तोंड धुतलं नाही. पारेखभाई बरोबर आले, आणि साहेबांनी विचारलं, “तुम्ही कोण?” तर म्हणाले, “मैं सेक्रेटरी है. ये मेरा सोसायटी का मेंबर है. मेरे को भी लिखवाने का है.” त्यांनी आपली साक्ष लिहून दिली. सावंतांचा फोन आला, “आमच्या मंडळातलं कुणी नाही, शपथेवर सांगतो.” कदाचित खरं असेल. कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तक्रार लिहून होत होती तेवढ्यात अशोक आत आला. कुणी सांगितलं कोण जाणे. दारातच थांबला. बहिणीचा चेहरा बघून त्याचा स्वतःचा चेहरा आक्रसला.

“अक्का.”

“ये. बस.”

तो बसला नाही. “मला तुझं ते चित्र आवडलं नव्हतं. आजही आवडत नाही.”

“मी ते मागे घेणार नाही, आत्ताच सांगते.”

“नको घेऊस,” तो म्हणाला. “मीही राग मागे घेणार नाही. पण तुझ्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही.” आणि खिशातून रुमाल काढून त्याने बहिणीचा चेहरा पुसायला घेतला. बाजारात रुमाल नाकारलेल्या त्या बाईने डोळे मिटून मान वर केली, लहान मुलीसारखी. शाई निघत नव्हती, नुसती पसरत होती. तो पुसत राहिला.

साहेबांनी या वेळी काही लिहून मागितलं नाही.

पुढच्या रविवारी दारावर चित्र होतं. भाडेकरू देव लिफ्टमध्ये उभा, अर्धा चेहरा काळा. सेक्रेटरी विचारतो, ‘हे कुणी केलं?’ देव म्हणतो, ‘माझंच रक्षण करायला आले होते. मी मधे आलो.’

ते चित्र कुठल्या कुठे गेलं. पेपरवाले आले, मुलाखती झाल्या. पारेखभाई स्वतः वर आले आणि म्हणाले, बोर्डाचं कुलूप काढतो, पाहिजे तर तिथे लावा. मॅडम म्हणाल्या, “नको. दार बरं आहे. बोर्डावर पापडांचं असू दे.” पल्लवी नवऱ्याला घेऊन भेटायला आली. अशोक रविवारी विहारात बहिणीपासून थोडं अंतर ठेवून बसायला लागला. बोलणं कमीच. राग त्याने खरंच मागे घेतला नव्हता, आणि मॅडमना त्याचं हे वागणं मनापासून आवडायचं. “माझ्यासारखाच आहे,” म्हणायच्या.

मॅडम गेल्या तेव्हा मी नागपूरला होते, मुलीच्या बाळंतपणासाठी. झोपेत गेल्या, असं अशोकने फोनवर सांगितलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी, डोंगरीत.

उत्तनच्या अलीकडच्या त्या गावातल्या लोकांनी त्यांना बोलावलं होतं, चर्चच्या शेजारच्या हॉलमध्ये चित्रं काढून दाखवायला. आम्ही बसने गेलो. हॉल भरला होता. म्हाताऱ्या बाया पहिल्या रांगेत, पुरुष मागे भिंतीशी. मॅडमनी फळ्यावर एकेक चित्र काढत गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि लोक पोट धरून हसायला लागले. पुढच्या रांगेतली एक बाय ओरडली, “बाय, आमचा फादर हाय ना, त्याला पन काढ!” हशा झाला. कोपऱ्यात बसलेले फादरही हसले, जरासे. मॅडमनी खडू बदलला आणि फळ्यावर एक गोल काढला.

मागून एक माणूस ताडकन उठला. पन्नाशीचा, रापलेला. “बंद करा! आमच्या धर्माचं आमी बगून घेऊ. बाहेरच्यांनी सांगायचं काम न्हाय!”

फादर उठायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर ती शाईची बाटली आली. मॅडम वळल्या, त्यांनी त्या माणसाकडे नीट बघून घेतलं आणि खडू त्याच्याकडे धरला.

“बरोबर बोललात. तुमचं तुम्ही काढा. या.”

तो तिथेच उभा. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. पुढची बाय म्हणाली, “जा की रे! आता का गप?” तो तणतणत पुढे आला, खडू हातात घेतला, फळ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मला येत न्हाय.”

“मग बोला तुम्ही. मी काढते.”

तो फादरकडे बघायचं टाळत फळ्याशीच बोलला. “फादरची गाडी उभी करायला पत्र्याची शेड हाय. म्हातारी मानसं उन्हात थांबतात, त्यांना न्हाय.”

मॅडमनी शेड काढली. शेडखाली गाडी. बाहेर उन्हात काठी टेकून उभी असलेली एक म्हातारी. हॉलमध्ये आधी कुणीतरी श्वास सोडला आणि मग हसू फुटलं, मघापेक्षा मोठं.

माझ्या बसची वेळ झाली होती, सकाळी नागपूरची गाडी पकडायची होती. मॅडमना तिथली मंडळी घरी सोडणार होती. मी दारातूनच हात केला, त्यांनी पाहिला की नाही माहीत नाही. बाहेर येऊन मी खिडकीतून आत बघितलं. त्या टाचा उंचावून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ऊन काढत होत्या. तो माणूस त्यांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता, चेहरा अजून रागाने लाल, आणि बोट दाखवून सांगत होता, “तुमी बाहेरच्याच, ते मी परत सांगतो. पन गाडी अजून मोठी काढा. अजून मोठी.”